सात दिवस, चार बेटं आणि एक वजाबाकी

आमच्या घरात सध्या एका एक्सेल शीटवरून शीतयुद्ध चालू आहे. शीटचं नाव 'कॅनरी फायनल व्हर्जन ४'. कुठल्याही फाइलच्या नावात 'फायनल' आलं की ती फायनल नसते, हे सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. पण हे व्हर्जन ४ खरोखर देखणं झालं होतं हो! दर दिवसाला वेगळा रंग, दर तासाला वेगळी ओळ, खर्चाचे कॉलम पाउंडात, युरोत आणि (मन घट्ट करण्यासाठी) रुपयांत. सात दिवसांत चार बेटं आणि तेवीस स्थळं. मी ते बायकोसमोर ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

बायको क्यूएमध्ये आहे. म्हणजे माझ्या कामात बग काढणं हा तिचा नुसता छंद नाही, पगारी व्यवसाय आहे. तिने दहा मिनिटं शीट बघितली आणि विचारलं, "यात सुट्टी कुठल्या कॉलममध्ये आहे?"

असो. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

ऑनसाइटला इंग्लंडात येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. इथला हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना काही सांगायला नको. डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो आणि आकाशाचा रंग आठवडेच्या आठवडे जुन्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखा असतो. नोव्हेंबर लागला की ऑफिसात सगळे एकच जप करतात, 'विंटर सन'. त्या जपात हमखास येणारं एक नाव म्हणजे लान्सारोते. इंग्लिश लोक त्याला 'लॅन्झरॉटी' म्हणतात. आम्हाला त्यातली रोटी तेवढी ओळखीची वाटली. माझ्या शेजारच्या डेस्कवरचे गृहस्थ तिथे चौदा वेळा जाऊन आलेत. मी विचारलं, "काय आहे तिथे?" म्हणाले, "ऊन, पूल आणि स्वस्त बीअर." "आणि ज्वालामुखी?" "हो, आहे ना. विमानतळावरून येताना दिसतो बहुतेक."

बेट स्पेनचं, पण स्पेनपासून हजारेक किलोमीटर लांब. आफ्रिकेचा किनारा मात्र जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. कॅनरी द्वीपसमूहात वस्ती असलेली आठ बेटं आहेत, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. लंडनहून चार तासांचं थेट विमान. फेब्रुवारीत दुपारचं तापमान वीस-एकवीस. म्हणजे पुण्यातली डिसेंबरची सकाळ, पण दिवसभर. एवढं वाचल्यावर कुठला मराठी माणूस गप्प बसेल?

पण आपल्या हातात निळा पासपोर्ट. इंग्रज माणूस शुक्रवारी रात्री तिकीट काढून शनिवारी पूलमध्ये पाय सोडून बसू शकतो. आपल्याला आधी शेंगेनचा व्हिसा. माणशी नव्वद युरो फी, तीस हजार युरोचं कव्हर असलेला विमा, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, जाण्यायेण्याची तिकिटं आणि वर कोणत्या दिवशी कुठे असणार याचा तपशील. माझं ठाम मत असं आहे की आपण भारतीय लोक सुट्टीचं इतकं काटेकोर प्लॅनिंग करतो ते काही स्वभावाने नाही, ती पासपोर्टची देणगी आहे. सुट्टी सुरू होण्याआधी दोन महिने तुम्हाला एका अनोळखी अधिकाऱ्याला लेखी सांगावं लागतं की मी बुधवारी दुपारी कुठे असेन.

आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. एवढी कागदपत्रं जमवली, एवढे पैसे भरले, की डोक्यात आपोआप एक हिशोब सुरू होतो. 'आता एवढं केलंच आहे, तर तेनेरिफेही करून घेऊ. तिथे तैदे आहे, ३,७१५ मीटर, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर, ते सोडायचं? आणि फुएर्तेवेंतुरा तर फेरीने अर्ध्या तासावर. ला पाल्मावर २०२१ साली ज्वालामुखी फुटला होता, तेही बघून टाकू.' बघा, 'बघू' नाही, 'बघून टाकू'! कपडे इस्त्रीला टाकावेत तसं. ही 'पैसे वसूल' वृत्ती आपल्या हाडात आहे. थाळी घेतली की पोट भरल्यावरही चौथी वाटी बासुंदी घेणारे आपण. व्हर्जन ४ मधली चार बेटं तिथूनच आली.

तर बायकोने टेस्ट रिपोर्ट दिला तो असा. सात दिवस, दिवसाचे जागेपणीचे चौदा तास, एकूण अठ्ठ्याण्णव. माझ्याच शीटमधले विमानतळ, फेरी, गाडी घेणं-सोडणं, हॉटेलात शिरणं-निघणं, सगळं मिळून सदतीस तास. राहिले एकसष्ट. अंघोळी आणि जेवणं रोजचे तीन तास, म्हणजे एकवीस. राहिले चाळीस. भागिले तेवीस स्थळं. एका स्थळाला पावणेदोन तास, तेही पार्किंग शोधण्यासकट. "म्हणजे आपण सात दिवस स्टँडअप मीटिंग करत फिरणार आहोत," ती म्हणाली. "एवढं करून परत आल्यावर कोणी विचारलं तिथे काय आहे, तर तूही म्हणशील, ज्वालामुखी आहे ना, गाडीतून दिसतो."

हे जरा लागलं. म्हणून तिला खोटं पाडण्यासाठी मी वाचायला बसलो. प्रत्येक स्थळ किती अपरिहार्य आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं ठरवलं. सुरुवात लान्सारोतेपासून केली आणि मग दोन वीकेंड मी दुसऱ्या बेटावर गेलोच नाही.

१ सप्टेंबर १७३० च्या रात्री, नऊ ते दहाच्या दरम्यान, या बेटावरच्या तिमानफाया नावाच्या गावाजवळ जमीन फाटली. हे आपल्याला माहीत आहे कारण शेजारच्या यायसा गावच्या पाद्रीबुवांनी, आंद्रेस लोरेंसो कुर्बेलो यांनी, ते टिपून ठेवलं. आपल्याकडे तेव्हा पहिले बाजीराव पेशवे होते. ज्वालामुखी फुटतो म्हणजे एक स्फोट आणि खेळ खलास अशी माझी सिनेमातून झालेली समजूत होती. हा उद्रेक थांबत, सुरू होत, नवीन तोंडं फोडत १६ एप्रिल १७३६ पर्यंत चालला. साडेपाच वर्षं! बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. आणि गेला तोही नेमका सुपीक, गावं असलेला भाग. अनेक माणसं उठून शेजारच्या बेटांवर गेली.

जी राहिली त्यांनी काय केलं हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. शेतांवर काळ्या राखेचा जाड थर. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरसुद्धा नाही. (लोणावळ्याला जुलैत एका दिवसात एवढा पडून जातो.) नदी नाही. वरून सतत सुटलेला वारा. अशा ठिकाणी शेती करायची कशी? त्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की ही काळी राख, तिला ते 'पिकोन' म्हणतात, सच्छिद्र आहे. ती रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि दिवसा खालच्या मातीतलं पाणी उडू देत नाही. मग त्यांनी राखेत मोठमोठे खोलगट खड्डे खणले, थेट खालच्या जुन्या मातीपर्यंत. दर खड्ड्यात द्राक्षाचा एक वेल, आणि वारा अडवायला दगडांची कमरेइतकीही नसलेली अर्धगोल भिंत. ला हेरिया नावाच्या पट्ट्यात आजही असे हजारो खड्डे आहेत आणि त्यांतल्या मालवासिया द्राक्षांची वाइन होते. ज्या राखेने शेत गाडलं तिलाच शेताला लावलं. आम्ही प्रॉडक्शनमध्ये बग सापडला की 'इट्स अ फीचर' म्हणून विनोद करतो. या लोकांनी ते खरं करून दाखवलं.

इथे मला आपला सह्याद्री आठवल्याशिवाय राहिला नाही. आपण लहानपणापासून ज्या काळ्या कातळावर चढलो, ज्यात कार्ल्या-भाज्याची लेणी कोरली, तो बेसॉल्टही लाव्हाच. फक्त साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर जंगल आलं, माती आली, भात आला, शेवटी एक्सप्रेस वे आला. लान्सारोतेचा लाव्हा तीनशे वर्षांचाही नाही. निसर्गाच्या घड्याळात तो अजून निवायचाच आहे, आणि हे नुसतं बोलायला नाही. तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानात काही मीटर खाली अजूनही शेकडो अंश तापमान आहे. जमिनीतल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं की क्षणात वाफेचा फवारा उडतो. तिथल्या उपाहारगृहात तीच उष्णता वापरून विहिरीसारख्या भोकावर जाळी ठेवून मांस भाजतात.

आणि त्या लाव्हावर ठळकपणे पसरलेली पहिली वनस्पतीसारखी गोष्ट कोणती, तर लायकेन. म्हणजे कोण? तर दगडफूल! आपल्या गोडा मसाल्यातलं. तीनशे वर्षांत निसर्गाची प्रगती गोड्या मसाल्यातल्या एका जिन्नसापर्यंत आली आहे. म्हणून त्या उद्यानात कोणालाही मनाला येईल तिथे चालू देत नाहीत. ठरलेल्या रस्त्याने बस जाते, आणि पायी जायचं तर आधी नाव नोंदवून, छोट्या गटात, मार्गदर्शकाबरोबर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वैतागलो होतो. 'एवढ्या लांब जाऊन बसच्या खिडकीतून बघायचं?' आता वाटतं, एका बुटाखाली किती वर्षांचं काम जाईल याचा हिशोब माझ्या शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये होता?

पण या बेटाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ज्वालामुखीची नाही, एका माणसाची आहे.

सेसार मान्रिके. जन्म १९१९, लान्सारोतेचाच. चित्रकार. साठच्या दशकात न्यूयॉर्कला गेला, नाव होत होतं, आणि १९६६ साली परत आला. (ऑनसाइटवरून स्वखुशीने परत येणारा माणूस! त्याच्याबद्दल आदर वाटायला मला एवढंच पुरेसं होतं.) तेव्हा कॅनरी बेटांवर पर्यटनाची लाट नुकती येत होती. किनाऱ्यांवर काँक्रीटचे उंच ठोकळे उभे राहणार हे दिसत होतं. मान्रिकेचा एक जुना मित्र बेटाच्या प्रशासनाचा प्रमुख होता. या दोघांनी बेटाला पटवलं की आपल्याकडे लोक आलेच तर दुसरीकडे जे मिळतं त्यासाठी येणार नाहीत, जे इथे आहे त्यासाठी येतील. तेव्हा उंच इमारती नकोत. रस्त्याकडेला जाहिरातींच्या पाट्या नकोत. घरं पांढरी, बुटकी, दारं-खिडक्या हिरव्या किंवा निळ्या.

त्याने बांधलंही पुष्कळ. पण बांधलं म्हणजे काय, तर आहे त्यात आत शिरला. लाव्हाच्या बोगद्याचं छत कोसळून झालेल्या खळग्यात त्याने 'हामेओस देल आग्वा' केलं. तिथल्या नैसर्गिक तळ्यात आंधळे, पांढरे, नखाएवढे खेकडे राहतात आणि बोगद्यातच नाट्यगृह आहे. चारशेहून जास्त मीटर उंचीच्या कड्यात 'मिरादोर देल रिओ' नावाचा सज्जा असा बसवला की बाहेरून इमारत आहे हे पटकन कळू नये. स्वतःचं घर लाव्हातल्या पाच पोकळ बुडबुड्यांत. १९९२ साली तो गाडीच्या अपघातात गेला. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, बेटाच्या विमानतळाला त्याचं नाव देण्यात आलं.

मी इंजिनिअर आहे. प्लॅनिंग म्हटलं की मला 'काय काय करायचं' एवढंच सुचतं. या माणसाने एका अख्ख्या बेटाचं प्लॅनिंग केलं आणि त्यातला सर्वांत मोठा भाग होता 'काय करायचं नाही'. बेरजेपेक्षा वजाबाकी अवघड असते हो. पाटी लावणारा माणूस दिसतो, फोटोत येतो, फीत कापतो. न लावलेल्या पाटीचा फोटो कसा काढणार? पुण्याहून महाबळेश्वरला जाताना घाट सुरू व्हायच्या आधी किती हॉटेलांच्या, प्लॉटच्या आणि स्ट्रॉबेरी-क्रीमच्या पाट्या लागतात ते आठवा. मग पाट्या नसलेलं एक बेट डोळ्यांसमोर आणा.

म्हणजे सगळं आलबेल का? मीही याच उत्साहात बायकोला जाऊन सांगितलं, की बाई, तू जिंकलीस, आपण एकच बेट करू, लान्सारोते. आता तरी खूश?

तिने तोवर स्वतःचं वाचन केलं होतं. म्हणाली, "त्या लोकांना आपण यायला हवे आहोत का पण?"

२० एप्रिल २०२४ ला कॅनरी बेटांवर हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. घोषणा होती, 'कॅनरीला मर्यादा आहे.' मे २०२५ मध्ये पुन्हा मोर्चे निघाले. कारण आकडे असे आहेत: सगळ्या बेटांची लोकसंख्या बावीस लाखांच्या आसपास आणि २०२४ सालात आलेले परदेशी-देशी पाहुणे पावणेदोन कोटींच्या घरात. एकट्या लान्सारोतेवर दीड लाखाहून थोडी जास्त वस्ती आणि वर्षाला तीस लाखांहून जास्त पर्यटक. म्हणजे घरटी नव्हे, माणशी वीस पाहुणे. मान्रिकेने आखून दिलेल्या रेषाही सगळ्यांनी पाळल्या नाहीत. त्याच्या हयातीतच बांधकामं वाढली होती, आणि त्याने जाहीरपणे विरोधही केला होता. पुढे बेकायदा परवान्यांवर हॉटेलं उभी राहिली आणि प्रकरणं कोर्टात गेली. पाणी तर आधीच नाही. १९६०च्या दशकापासून हे बेट समुद्राचं पाणी गोडं करून पितं. आणि राहती घरं आठवड्याच्या भाड्याने पर्यटकांना देणं इतकं फायद्याचं झालं की तिथेच हॉटेलात भांडी घासणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या माणसाला घर मिळेना. २०२१ ला ला पाल्मावर ज्वालामुखी पंच्याऐंशी दिवस धगधगत होता, घरं आणि केळीच्या बागा गाडत होता, तेव्हा पहिल्याच दोन दिवसांत स्पेनच्या तत्कालीन पर्यटनमंत्री म्हणाल्या की हे दृश्य पर्यटकांचं आकर्षण ठरू शकतं. टीका झाली आणि त्यांना सारवासारव करावी लागली. पण माझ्या शीटमध्ये 'ला पाल्मा: नवीन लाव्हा, दीड तास' अशी ओळ होतीच की. त्या लाव्हाखाली तोदोके नावाचं गाव आहे.

बायकोने हा प्रश्न उगाच विचारला नव्हता. तिचं माहेर लोणावळ्याचं. आपल्यासाठी लोणावळा म्हणजे भुशी डॅम, मक्याचं कणीस, चिक्की. तिच्यासाठी शाळा, दवाखाना, भाजी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवारी तिच्या घरचे बाहेर पडत नाहीत, शुक्रवारीच दूध आणून ठेवतात. चार वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना अडीच किलोमीटर. गाडीला लागला सव्वा तास. पुढेमागे मुंबई-पुण्याच्या गाड्या, त्यांत गाणी चालू, काचा खाली करून पोरं ओरडतायत. सासूबाई गाडीतून उतरून लोकांना हात जोडत होत्या. लोक वाईट नव्हते. बाजूला व्हायला जागाच नव्हती. सासरे वाचले, आता ठणठणीत आहेत. पण ती गोष्ट आमच्या घरात कोणी मोठ्याने सांगत नाही.

मी तर नाहीच नाही. कारण कॉलेजची चार वर्षं पहिला पाऊस पडला की त्या रांगेत गाणी लावून बसलेला मीच होतो.

मग उपाय काय, जाऊच नये? एक वीकेंड आम्ही त्यावरही घालवला. पण ते उत्तर मला सोयीस्कर वाटतं, खरं वाटत नाही. कॅनरी बेटांच्या अर्थव्यवस्थेचा साधारण तिसरा हिस्सा पर्यटनावर आहे. मोर्चेवाल्यांच्याही मागण्या 'येऊ नका' अशा नव्हत्या. नव्या हॉटेलांना स्थगिती द्या, घरं भाड्याने देण्यावर नियम आणा, पर्यटकांवर कर लावा, अशा होत्या. म्हणजे पुन्हा तेच, मर्यादा. लोणावळ्यातही चिक्कीवाला, रिक्षावाला, हॉटेलवाला माझ्या सासऱ्यांचे शेजारीच आहेत. लोकांनी यायचंच बंद केलं तर त्यांनी काय करायचं? आपला कासचा पठार घ्या. फुलं तुडवली जायला लागली तेव्हा कोणी पठाराला कुलूप नाही लावलं. रोज किती माणसं यायची ते ठरवलं, आधी नोंदणी करायला लावली, कुंपणावरून भांडणं झाली, अजूनही होतात. पण प्रश्न 'यावं की नाही' असा नव्हता, 'किती आणि कसं' असा होता.

काही जण म्हणतील, तुम्हा दोघांच्या शीटने तीस लाखांच्या आकड्यात काय फरक पडणार? काही नाही पडणार. भुशी डॅमच्या रांगेतल्या प्रत्येक गाडीतला माणूसही हेच म्हणतो, आणि प्रत्येकाचं गणित बरोबर असतं. सरकारने नियम करायला हवेत हे खरंच आहे, मान्रिकेलाही प्रशासनातला मित्र लागला. पण नियम येईपर्यंत निदान स्वतःची शीट तर आपल्या हातात आहे. आणि मजा म्हणजे यात त्याग वगैरे काही नाही. ज्या हावरेपणाने त्या बेटाची दमछाक होते, त्याच हावरेपणाने माझ्या सुट्टीचे अठ्ठ्याण्णव तास चाळीसवर आले होते. एकच बग, दोन ठिकाणी दिसत होता.

तर व्हर्जन ५ असं आहे. बेट एक. राहायला किनाऱ्यावरचं सगळं-आत-मिळतं रिसॉर्ट नाही, कारण तिथे माणूस मनगटावर पट्टा बांधून आठवडाभर आतच जेवतो आणि गावातल्या खाणावळीपर्यंत त्याचा एक युरोही पोचत नाही. कोणाचा तरी रिकामा केलेला फ्लॅटही नाही. आतल्या बाजूच्या एका गावात घरच्याच लोकांनी चालवलेलं, रीतसर परवान्याचं, सहा-सात खोल्यांचं हॉटेल. रिसॉर्टपेक्षा थोडं महाग पडलं. तीन विमानतिकिटं वाचली त्यातून भागलं. तिमानफायाला पायी चालण्याच्या गटात नाव नोंदवायचं, नाही मिळालं तर मुकाट बसमध्ये बसायचं. एक अख्खा दिवस ला हेरियाला. मान्रिकेच्या जागा तीन, तीन वेगवेगळ्या दिवशी. अंघोळ बादलीभर पाण्यात होते हे आपल्याला शिकवायला नको, पुण्यात टँकरच्या सोसायटीत राहिलोय.

आणि जेवण. याची मला खरी काळजी होती, कारण बायको शाकाहारी. पण वाचलं तर काय, तिथला मुख्य पदार्थ म्हणजे खारट पाण्यात साल सुरकुतेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे, आणि सोबत 'मोहो'. लाल मोहो मिरचीचा, हिरवा कोथिंबीर-लसणाचा. ही तर आपली चटणी! शिवाय 'गोफिओ' म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, थेट आपलं सातूचं पीठ. हजार वर्षांच्या अंतरावर नाही, पण चुलीच्या अंतरावर ही माणसं आपल्या शेजारचीच निघाली.

चौथ्या दिवसाची ओळ मी रिकामी ठेवली आहे. चुकून नाही, मुद्दाम. ते करताना अक्षरशः हात थरथरला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, एवढा खर्च करून एकच बेट? त्या जोश्यांची मुलं आठ दिवसांत पाच देश करून आली." सासऱ्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "तिथे शनिवार-रविवारी गर्दी असते का हो?"

मी म्हटलं, "बाबा, तिथे सातही दिवस शनिवारच असतो."

"अरेरे," ते म्हणाले. "मग गाडी जरा कडेला लावत जा."

तेही लिहून घेतलंय शीटमध्ये. आता येत्या गुरुवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे आणि दिवसवार तपशिलाची प्रिंट काढायची आहे. अडचण एकच, त्या अनोळखी अधिकाऱ्यासाठी चौथ्या दिवसासमोर काय लिहायचं? मी 'स्थानिक भ्रमंती' असं काहीतरी भारदस्त लिहायला निघालो होतो. बायको म्हणाली, "खरं तेच लिही. 'काही नाही.'"

बघू, व्हिसा मिळतो का.